नवी छऱ्याची रायफल जुळवावी आणि रुळवावी कशी

नवी रायफल घरी आली की लगेच कागद लावून ती किती नेमकी आहे हे पाहण्याची घाई प्रत्येकाला होते, आणि त्या पहिल्या दिवशी कागदावर जे उमटते त्यावरून तिच्याविषयीचे मत पक्के होऊन बसते. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर नव्याने येणाऱ्या मुलांच्या हातात मी अशा कितीतरी रायफली पाहिल्या आहेत, ज्या पहिल्याच आठवड्यात ‘खराब निघाल्या’ म्हणून दुकानात परत जायच्या बेतात होत्या. त्यांतल्या बहुतेकींत काहीही बिघाड नव्हता, त्या फक्त रुळलेल्या नव्हत्या. स्प्रिंगवर चालणारी छऱ्याची रायफल साधारण पाचशे ते हजार छर्रे झाडून होईपर्यंत स्थिरावत नाही. तेवढ्या काळात तिची जुळवणी कशी करावी, काय तपासावे आणि मुख्य म्हणजे कशाला हात लावू नये, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. पुढचे सगळे वाचायला वेळ नसेल तर एवढे तरी लक्षात ठेवावे: पहिल्या हजार छऱ्यांत गुण मोजू नयेत, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि जे बदलले ते वहीत लिहावे.

येथे विचार केला आहे तो नळी मोडून भरण्याच्या, म्हणजे ब्रेक बॅरल प्रकारच्या, ०.१७७ इंच म्हणजेच ४.५ मिलिमीटर व्यासाच्या रायफलीचा. नळीखालचा दांडा ओढून ताणायच्या अंडरलिव्हर रायफलीलाही यातले जवळजवळ सगळे लागू पडते. तिची नळी पक्की बसवलेली असल्यामुळे सांध्याची तपासणी तेवढी वगळावी. मोठ्या स्पर्धांत दिसणाऱ्या, सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरलेल्या रायफलींना धक्का जवळजवळ नसतो आणि त्या फारशा रुळवाव्याही लागत नाहीत, पण त्यांची किंमत लाखांच्या घरात असते. मुंबईच्या अंजली भागवत २००० साली सिडनीत आणि सुमा शिरूर २००४ साली अथेन्समध्ये दहा मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून अशा तीन स्थितींतल्या नेमबाजीत, कांस्यपदक मिळवले, आणि अशा प्रत्येक बातमीनंतर मुलांना घेऊन रेंजवर चौकशीला येणाऱ्या पालकांना मी हेच सांगत आलो आहे की पहिले वर्ष स्प्रिंगच्या साध्या रायफलीवर काढावे. तिच्यावर नेम शिकलेला हात पुढे कोणत्याही रायफलीवर चालतो.

कायद्याची बाजू आधीच स्पष्ट असलेली बरी. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या आणि ०.१७७ इंचापर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. ऊर्जा म्हणजे छऱ्याच्या वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून केलेला अर्धा भाग, तेव्हा ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने निघाला तर ती साडेदहा ज्यूलच्या आसपास भरते. त्याच छऱ्याला २० ज्यूल गाठायला सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेग लागेल. जाहिरातीतले वेगाचे आकडे पाहून भुलण्याआधी हे गणित एकदा करून पाहावे, कारण दहा मीटरवरच्या कागदाला वेगाची गरज नसते, सारखेपणाची असते. खरेदीची पावती जपून ठेवावी आणि रेंजवर जाता-येता ती व क्लबचे ओळखपत्र रायफलीच्या पेटीतच असू द्यावे. रेल्वे स्थानकावर पेटी उघडून दाखवायची वेळ आली तर शांतपणे दाखवता येते. ही रायफल शिकारीसाठी नाही, हेही तितक्याच स्वच्छपणे सांगितले पाहिजे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीवर बंदी आहे आणि शिकार या शब्दाच्या व्याख्येत जखमी करणे व तसा प्रयत्न करणेही येते. खिडकीत बसणाऱ्या कबुतरावर किंवा सोसायटीच्या आवारातल्या कुत्र्यावर छर्रा मारणे ही क्रूरता आहे आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली तो गुन्हा आहे. मुंबईच्या घरात दहा मीटर सरळ जागा सहसा नसतेच. गच्ची, गॅलरी आणि चाळीतला व्हरांडा या जागा कितीही मोकळ्या दिसल्या तरी तिथे रायफल काढू नये. रुळवण्याचे सारे छर्रे रेंजवरच झाडायचे आहेत असे धरून चालावे.

नवी रायफल सुरुवातीला अशी का वागते

नळी खाली वाकवली की तिला जोडलेली दांडी पिस्टनला मागे रेटते, स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन खटक्याच्या दातावर अडकून राहतो. ट्रिगर सुटताच स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, त्याच्यापुढची हवा क्षणार्धात दाबली जाऊन तापते आणि छऱ्याला नळीतून ढकलते. पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते, आणि तो हवेच्या गादीवर थबकताच ती पुढे झेपावते. छर्ऱ्याच्या रायफलीला धक्का नसतो असे म्हणणाऱ्याने स्प्रिंगची रायफल नीट हाताळलेली नसते. तिला एक सोडून दोन धक्के असतात, तेही उलटसुलट दिशांचे, आणि त्यातली बरीचशी हालचाल छर्रा अजून नळीत असतानाच होते.

नव्या रायफलीत या साखळीतला एकही दुवा अजून आपल्या जागी बसलेला नसतो. कारखान्यातून येताना आत गरजेपेक्षा जास्त तेल-ग्रीस असते, पिस्टनच्या तोंडावरचे सील सिलिंडरच्या भिंतीशी पुरते जमलेले नसते, स्प्रिंग पहिल्या काही शे ताणण्यांत किंचित आखूड होते, खटक्याच्या दाताचे पृष्ठभाग एकमेकांवर घासून गुळगुळीत व्हायचे असतात, आणि लाकडी दस्ता स्क्रूंच्या डोक्याखाली थोडा दबतो, त्यामुळे घट्ट आवळलेले स्क्रूही सैल पडतात. एकाच वेळी इतक्या गोष्टी बदलत असताना कागदावरचे छेद एकत्र यावेत ही अपेक्षाच अवाजवी आहे.

पहिला छर्रा भरण्याआधी

तीन नियम मुलाला तोंडपाठ झाल्याशिवाय त्याच्या हातात रायफल देऊ नये. नळीचे तोंड नेहमी लक्ष्याच्या दिशेलाच असावे. नळी उघडी असताना बोट ट्रिगरजवळ जाता कामा नये आणि दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरलेली असावी, कारण त्या स्थितीत खटका सुटला तर नळी प्रचंड जोराने वर येते, सांध्यात सापडलेले बोट चिरडते आणि नळीही वाकते. तिसरा नियम म्हणजे छर्रा न भरता कधीही ट्रिगर दाबू नये. छऱ्याचा अडथळा नसला की हवा अडत नाही, पिस्टन सिलिंडरच्या टोकावर थेट आपटतो आणि सील व स्प्रिंग दोन्ही खराब होतात. सिलिंडरच्या हवेवर चालणाऱ्या स्पर्धेच्या रायफलीत रिकाम्या ट्रिगरचा सराव करण्याची सोय असते, ती सवय येथे आणू नये.

त्यानंतर नळी पुसावी. दुकानातल्या नळीत गंज लागू नये म्हणून लावलेले तेल असते. मासेमारीचा जाड तंगूस दुहेरी करून त्याच्या फासात सुती कापडाची लहान पट्टी अडकवावी आणि ती छर्रा भरण्याच्या बाजूने आत घालून नळीच्या तोंडाकडून ओढून घ्यावी. पहिली पट्टी काळपट तपकिरी निघते, दुसरी राखाडी, आणि चौथ्या-पाचव्या पट्टीला कापडाचा मूळ रंग दिसू लागतो, तिथे थांबावे. लोखंडी ब्रश आणि रसायने वापरू नयेत. विशेषतः पातळ द्रव नळीतून सिलिंडरमध्ये उतरू देऊ नये, कारण तिथे तो हवेच्या उष्णतेने पेटतो.

स्क्रू तपासायचे ते योग्य रुंदीच्या पेचकसाने. घरातल्या टोक झिजलेल्या पेचकसाने स्क्रूची खाच बिघडली की ती रायफल कायमची विद्रूप होते आणि पुढच्या वेळी आवळताही येत नाही. दस्त्याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक आणि ट्रिगरच्या कडीजवळ एक किंवा दोन अशी त्यांची सर्वसाधारण मांडणी असते. हाताला ठाम अडथळा लागेपर्यंत आवळावे, त्यापुढे जोर लावू नये, नाहीतर लाकूड चिरते. ब्रेक बॅरल रायफलीत सांधाही पाहावा. बंद नळी दोन बोटांनी डावीउजवीकडे हलवून पाहिली असता तिला मुळीच खेळ नसावा, आणि रायफल ताणल्यावर नळी अर्ध्या वाटेत हलक्या हाताने धरून पाहिली तर ती आपल्या वजनाने खाली कोसळू नये. हा शेवटचा तपास जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करावा आणि हात शेवटपर्यंत नळीवरच ठेवावा. सांधा सैल वाटला तर ही एक गोष्ट मात्र दुकानात परत नेण्याजोगी आहे.

दस्त्याची लांबी हा विषय आपल्याकडे दुर्लक्षित राहतो. कोपर काटकोनात वाकवून दस्त्याची मागची बाजू कोपराच्या खोबणीत टेकवली की तर्जनीचे पहिले पेर सहज ट्रिगरवर यायला हवे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला बहुतेक तयार दस्ते लांब होतात, मग ते मूल पाठ मागे झुकवून आणि मान ताणून नेम धरायला शिकते, आणि ती सवय मोडायला पुढे वर्षे लागतात. दस्ता कापून आखूड करता येतो आणि मूल वाढले की तोच तुकडा स्क्रूने परत जोडता येतो, पण ते काम सुताराला रायफल न देता, दस्ता वेगळा काढून नेऊनच करून घ्यावे.

पहिले पन्नास छर्रे

या पन्नास छऱ्यांसाठी लक्ष्याचा कागद लावूच नये. बसून, पुढचा हात वाळूच्या पिशवीवर आणि रायफल त्या हाताच्या तळव्यावर ठेवून, छर्रे अडवणाऱ्या पेटीच्या मध्यावर शांतपणे एकेक छर्रा झाडावा. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आणि चिरका येईल, नळी मोडताच तिच्या मागच्या तोंडातून निळसर धुराची बारीक रेघ वर येईल आणि जळक्या तेलाचा वास येईल. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने आतले जादा तेल पेटते आहे, इतकाच त्याचा अर्थ. त्या जादा जळण्याने सुरुवातीचे काही छर्रे वाजवीपेक्षा वेगाने जातात, म्हणून या टप्प्यावर कोणी यंत्राने वेग मोजून दिला तर तो आकडा खरा मानू नये. पुढे वेग उतरला म्हणजे रायफल बिघडली असे नाही, तिचा खरा वेग आता दिसू लागला. धूर आणि चिरका आवाज पन्नास-साठ छऱ्यांत ओसरतो. शंभरानंतरही दर छऱ्याला धूर येत असेल तर आत तेल फारच जास्त आहे, आणि ती रायफल जाणकाराकडून उघडून घ्यावी.

नव्या रायफलीत छर्रा भरण्याआधी तेलाचा एक थेंब टाकण्याचा सल्ला जुनी मंडळी अजून देतात. त्यांच्या काळच्या पिस्टनला चामड्याचे सील असे आणि ते सुकू नये म्हणून तेल खरोखरच लागे, म्हणून त्यांचे चुकत नाही. आजच्या बहुतेक रायफलींत कृत्रिम पदार्थाचे सील असते आणि त्याच्यासमोर तेल टाकणे म्हणजे सिलिंडरमध्ये लहानसा स्फोट घडवणे. माहितीपुस्तिकेत चामड्याच्या सीलचा स्पष्ट उल्लेख असेल तरच तेल टाकावे, एरवी नाही.

पन्नास ते पाचशे

हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. एका सत्रात साठ-सत्तर छर्रे पुरेत, कारण दर छऱ्याला नळी ताणायची असते आणि थकलेल्या हाताने केलेल्या कामाची नोंद निरुपयोगी असते. दर पंचवीस छऱ्यांनंतर सगळे स्क्रू तपासावेत, शंभरानंतर दर पन्नासाला आणि पुढे प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला. एखादा स्क्रू पुन्हापुन्हा सैल होत असेल तर त्याच्या आट्यांवर कमी ताकदीच्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा, अगदी बारीक थेंब लावावा.

ही गोष्ट मी इतक्या आग्रहाने सांगतो आहे, कारण माझ्या पहिल्या रायफलीने मला याच जागी तीन आठवडे फसवले. छर्रे एके दिवशी डावीकडे जमत, दुसऱ्या दिवशी वर, आणि मी रोज साईट, म्हणजे नेम धरण्याचे नळीवरचे साधन, फिरवत असे. वहीत फक्त साईटच्या टिकटिकींचे आकडे भरत गेले. शेवटी रेंजवरच्या कोचसरांनी रायफल हातात घेतली, लोखंडी सिलिंडर आणि लाकूड जिथे भेटतात त्या रेषेवर अंगठ्याचे टोक टेकवले आणि दुसऱ्या हाताने पुढचा दस्ता हलकेच दाबला. “इथे अंगठा ठेव,” एवढेच ते म्हणाले. नखाखाली केसाएवढी हालचाल जाणवत होती. पुढचा उजवा स्क्रू पाव फेरा सैल होता. तो आवळल्यावर त्याच दिवशी पाच छर्रे एका जागी आले, फक्त ती जागा लक्ष्यापासून बरीच दूर होती, कारण तीन आठवडे मी साईट चुकीच्या कारणासाठी हलवत आलो होतो. तेव्हापासून छेद पसरले की मी आधी अंगठा ठेवून पाहतो आणि साईटला सर्वात शेवटी हात लावतो.

या टप्प्यात छऱ्यांचा प्रकार बदलू नये. कागदाला गोल स्वच्छ भोक पाडणारा सपाट तोंडाचा, ०.५३ ग्रॅमच्या आसपासचा छर्रा घ्यावा आणि एकाच प्रकारचे, शक्य तर एकाच खेपेतले डबे घ्यावेत. छऱ्याचा मागचा पोकळ घेर, ज्याला आम्ही स्कर्ट म्हणतो, तो हवेच्या दाबाने फुगून नळीच्या आट्यांना चिकटतो आणि हवा अडवतो. डब्यात दबून तो लंबगोल झालेला असेल तर तो छर्रा बाजूला काढावा. छर्रा अंगठ्याने दाबून त्याची कड नळीच्या तोंडाशी अगदी सपाट बसवावी. एक छर्रा किंचित बाहेर आणि दुसरा आत असे झाले की वेग बदलतो. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा सत्र संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये, मग तो डबा वडापावचा असो की घरच्या पोळीभाजीचा.

रायफल धरण्याची पद्धत

रुळवण्याच्या काळातच हाताची सवय लागते म्हणून हे येथे सांगतो. स्प्रिंगची रायफल आवळून धरली की तिचे दोन्ही धक्के हाताच्या जोराप्रमाणे दर वेळी वेगळ्या दिशेला वळतात. ती पुढच्या हाताच्या उघड्या तळव्यावर नुसती ठेवायची, बोटांनी पकडायची नाही, आणि मागे खांद्याला फक्त टेकू द्यायची. ती आपल्या मर्जीने मागे-पुढे सरकली पाहिजे, मात्र दर वेळी सारखीच. त्यासाठी तळवा दस्त्याखाली नेमका कुठे येतो तिथे बारीक कागदी पट्टी चिकटवून ठेवावी. अर्धा इंच पुढे किंवा मागे हात गेला तरी छेदांची जागा बदलते. दस्ता थेट कठीण टेबलावर किंवा भिंतीवर टेकवून नेम धरला तर रायफल उसळते आणि छर्रे वर जातात, आणि अशा तपासणीवरून अनेक चांगल्या रायफलींना नावे ठेवली गेली आहेत. छर्रा सुटल्यावर मनात ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत माशीवरून, म्हणजे नळीच्या टोकावरच्या पुढच्या साईटवरून, नजर हलवू नये.

साईट कधी आणि कशी जुळवावी

दोनशे छर्रे झाल्याशिवाय साईटला हात लावू नये. त्यानंतर दहा मीटरवर कागद लावून पाच-पाच छऱ्यांचे किमान चार गट घ्यावेत आणि ते कुठे पडतात यापेक्षा किती जवळजवळ पडतात ते पाहावे. गट पसरलेला असेल तर साईटने तो एकत्र येत नाही. तेव्हा स्क्रू, छर्रा आणि पकड याच क्रमाने शोध घ्यावा. पाचही छेद एक रुपयाच्या नाण्याखाली झाकले जाऊ लागले की मगच गट मध्यावर आणण्याचा विचार करावा. मागची साईट ज्या दिशेला सरकवावी त्या दिशेला छर्रे जातात, पुढची माशी हलवली तर उलट दिशेला. एका छिद्रावरून कधीही साईट फिरवू नये. पाच छेदांचा मध्य पेन्सिलीने खूण करून ठरवावा, त्या मध्यापासूनचे अंतर मोजावे, तेवढेच सरकवावे आणि पुन्हा पाच छर्रे झाडावेत.

नेम कुठे धरायचा हेही आधीच ठरवावे. दहा मीटर एअर रायफलच्या अधिकृत लक्ष्याचा सर्वात बाहेरचा घेर ४५.५ मिलिमीटर, त्यातला काळा भाग ३०.५ मिलिमीटर आणि दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे टाचणीच्या डोक्याहूनही लहान. उघड्या साईटने तो ठिपका दिसणे शक्य नाही. माशी काळ्या गोलाच्या तळाशी पांढऱ्याची बारीक फट सोडून टेकवायची आणि साईट अशी जुळवायची की छर्रा गोलाच्या मध्यावर लागेल. आपल्याकडे ओपन (उघडी) साईट आणि पीप (बारीक छिद्रातून पाहण्याची) साईट असे वेगळे गट स्पर्धांत असतात, म्हणून मूल कोणत्या गटात उतरणार हे कोचांना विचारूनच साईट घ्यावी.

दुर्बीण लावण्याचा मोह या काळात टाळावा असे माझे ठाम मत आहे. साध्या रायफल स्कोपची नजर शंभर यार्डांसाठी जुळवलेली असते, दहा मीटरवर चित्र धूसर दिसते, आणि स्प्रिंगचा पुढे झेपावणारा धक्का सहन करण्यासाठी न बनवलेला स्कोप आतून सुटतो. शिवाय स्कोपखालचे माउंट, म्हणजे तो रायफलीवर बसवणारी पकड, मागे सरकत जाते, आणि मग सैल काय झाले हे शोधण्याच्या यादीत आणखी चार स्क्रू वाढतात.

मुंबईची हवा

समुद्राकाठच्या शहरात रायफलीचा शत्रू घर्षण नसून घाम आणि दमट हवा आहे. जून ते सप्टेंबरमध्ये सत्र संपवून रायफल तशीच पेटीत ठेवली आणि चार दिवसांनी उघडली तर काळ्या सिलिंडरवर अंगठ्याचा ठसा तांबूस रंगात जसाच्या तसा उमटलेला सापडतो, अगदी रेषांसकट. तो गंज घामातल्या मिठाने धरलेला असतो. रेंजवरून निघण्याआधी सगळा धातू कोरड्या कापडाने आणि मग यंत्राच्या तेलाचे दोन थेंब मुरवलेल्या कापडाने पुसावा. तेल दिसू नये इतके पातळ असावे, आणि सिलिंडरच्या तोंडाकडे ते जाऊ देऊ नये.

स्पंज असलेली पेटी प्रवासासाठी चांगली, साठवणीसाठी वाईट. स्पंज पावसाळी हवा शोषतो आणि धातूला चिकटून राहतो. घरी रायफल सुती कापडाच्या सैल पिशवीत, कुलपाच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीला न टेकवता ठेवावी, कारण पावसाळ्यात ओल धरते ती भिंत तीच. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि निळे दाणे गुलाबी दिसू लागले की बदलाव्यात. छर्रे वेगळ्या कुलपात ठेवावेत. रायफल ताणलेल्या अवस्थेत कधीही ठेवू नये. लाकडी दस्ता पावसाळ्यात किंचित फुगतो आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत आक्रसतो, म्हणून या दोन ऋतूंच्या सुरुवातीला स्क्रूंची तपासणी पुन्हा पहिल्या दिवसासारखी करावी.

हजारानंतर

पाचशे छऱ्यांनंतर वेगवेगळ्या छऱ्यांची परीक्षा घ्यायला हरकत नाही. तीन-चार प्रकार घ्यावेत, प्रत्येक नवा प्रकार सुरू करताना पहिले पंधरा छर्रे नळीला त्याची सवय व्हावी म्हणून नोंद न करता झाडावेत आणि मग पाच-पाचचे चार गट घ्यावेत. सर्वात महाग छर्रा प्रत्येक नळीला आवडतोच असे नाही, हे मी माझ्या वहीत वारंवार पाहिले आहे.

ट्रिगरच्या स्क्रूला हजारापर्यंत हात लावू नये, कारण खटक्याचे दात घासून जसे बसतात तसा तो आपोआपच मऊ होत जातो. आधीच हलका केलेला ट्रिगर दात बसल्यावर धोकादायक होतो आणि नळी बंद करतानाच सुटू शकतो. हजारानंतर जुळवायचाच असेल तर कोचांसमोर, पाव फेऱ्याने, आणि प्रत्येक बदलानंतर छर्रा भरलेल्या रायफलीची नळी लक्ष्याकडे ठेवून पाहावे.

त्याच सुमारास नळीच्या सांध्यातले सीलही तपासावे. टिश्यू पेपरची अरुंद पट्टी सांध्याच्या वर हलकी ठेवून लक्ष्यावर छर्रा झाडावा. पट्टी जागची हलली नाही तर सील चांगले आहे, उडाली तर तिथून हवा निसटते आहे आणि ते लहानसे रबर बदलून घ्यावे. सगळे ठीक असेल तर पाच छर्रे नव्या कागदावर झाडावेत, त्याखाली तारीख, छऱ्याचा प्रकार आणि साईटच्या टिकटिकी लिहून तो कागद वहीत चिकटवावा. दोन-तीन वर्षांनी छर्रे खाली पडू लागतात आणि स्प्रिंग थकली की हात बिघडला असा प्रश्न पडतो, तेव्हा शेजारी ठेवून पाहायला हाच कागद लागतो.